६,२५० मीटरचं प्रमाणपत्र

माझ्याकडे एक प्रमाणपत्र आहे. जाड, गुळगुळीत कागद, वर बर्फाच्या डोंगराचं चित्र, मध्ये माझं नाव आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'कांग यात्से २, ६,२५० मीटर'. लडाखमधल्या या शिखरावर मी ५,८१० मीटरपर्यंतच गेले होते, तेही माझ्या मनगटावरच्या घड्याळाच्या म्हणण्यानुसार. लेहच्या हॉटेलात शेवटच्या रात्री केक कापून ही प्रमाणपत्रं वाटली, तेव्हा मी लीडरला म्हटलं, "अरे, मैं तो टॉप पे गयी ही नहीं." तो हसला. "मॅम, नीचे पार्टिसिपेशन लिखा है ना." लिहिलं होतं. चष्मा लावल्यावर दिसलं.

गंमत अशी की बारीक अक्षरं वाचणं हाच माझा धंदा आहे. पंचवीस वर्षं मी पुण्यात एका सी.ए.कडे लोकांचे हिशेब तपासते. कुणी पेट्रोलची तीच पावती दोनदा लावली तर मला झोपेतही कळतं. आणि मी पंचेचाळीस हजार रुपये, वर विमानाचं तिकीट, वर भाड्याच्या सामानाचे वेगळे, असे भरून टाकले ते मोहीम नेणाऱ्या कंपनीच्या एका चकचकीत पीडीएफवर विसंबून.

डोंगराची सवय होती. दर रविवारी पहाटे आतकरवाडीतून सिंहगड, पावसाळ्यात राजगड-तोरणा, एकदा रात्रीची कात्रज ते सिंहगड, आणि पस्तिशीत नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड. पण सह्याद्री म्हणजे सह्याद्री. आपलं सगळ्यात उंच टोक कळसूबाई, १,६४६ मीटर. लेहला विमानातून उतरून बॅगेची वाट बघत उभं राहिलं की माणूस जवळजवळ त्याच्या दुप्पट उंचीवर असतो, आणि काहीही न करता त्याला दम लागतो. २०१२ साली पुण्याच्या गिरिप्रेमी या गिर्यारोहण संस्थेची माणसं एव्हरेस्टवर गेली तेव्हा गावात ज्याने त्याने घरातलंच कुणी गेल्यासारखी बातमी सांगितली होती. तेव्हापासून मनात होतं, की आपण एव्हरेस्ट नाही, पण आयुष्यात एकदा सहा हजार मीटर तरी. पंचेचाळीस उलटली तेव्हा ठरवलं की आता नाही तर गुडघे परवानगी देणार नाहीत.

खरं म्हणजे आधी गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स करायला हवा होता. उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये तो २८ दिवसांचा असतो. आमच्याकडे २८ दिवसांची रजा मागणाऱ्याला आधी डॉक्टरकडे पाठवतात. त्यामुळे '३१ जुलैला रिटर्न्सची गडबड संपली की ऑगस्टमध्ये नऊ दिवस' हे गणित फार सोयीचं वाटलं. पूर्वी असे हौशी लोक स्टोक कांग्रीला जायचे. ६,१५३ मीटर, लेहच्या गच्चीवरून दिसणारं शिखर. पण गर्दी आणि कचरा इतका वाढला, आणि स्टोक गावाचं पाणी त्याच हिमनदीतून येतं, की २०२० पासून तिथल्या लोकांनी ते बंदच केलं. ती सगळी गर्दी आता मार्खा खोऱ्यातल्या कांग यात्से २ कडे वळली आहे. त्याचा मोठा भाऊ कांग यात्से १ उंचीने ६,४०० मीटरचा आणि चढायला अवघड. हा धाकटा मात्र 'पूर्वानुभवाची गरज नाही' या सदरात विकला जातो.

पीडीएफमध्ये लिहिलं होतं: जास्तीत जास्त दहा जण, तीन माणसांमागे एक गाइड, खराब हवामानासाठी एक राखीव दिवस. मी फोन करून काय विचारलं? जेवण शाकाहारी मिळेल का आणि टॉयलेट टेंट असतो का. दोन्हींना उत्तर 'हो' मिळालं, आणि दोन्ही खरी निघाली. जेवणाला तर मी आजही नाव ठेवणार नाही. जवळजवळ पाच हजार मीटरवर त्या स्वयंपाक्याने गुलाबजाम करून घातले होते.

लेहमध्ये आम्ही दहा नव्हतो, चौदा होतो. 'दुसऱ्या बॅचचे चार जण ॲडजस्ट केले' असं कळलं. ज्या लीडरचा फोटो आणि अनुभव पीडीएफमध्ये होता तो आलाच नव्हता. त्याच्या जागी सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, गोड बोलणारा, सतत फोनवर असणारा मुलगा होता. वाईट नव्हता तो. पण आमची नावं त्याला शेवटपर्यंत आली नाहीत. मी 'मॅम', ठाण्याचे ते बँकेतले गृहस्थ 'सर', बाकी सगळे 'गाइज'.

पहिल्या संध्याकाळी ऑक्सिमीटर फिरला. माझ्या बोटावर ८२ आलं. "मॅम, लंबी साँस लो." मी चार लांब श्वास घेतले, आकडा ८९ वर चढला, तेवढ्यात त्याने लिहून घेतला. सगळ्यांचं असंच. आमच्या ऑफिसात याला विंडो ड्रेसिंग म्हणतात, मार्चअखेरीस करतात. मी गप्प बसले, कारण ८९ माझ्याही फायद्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी हवेची सवय व्हावी म्हणून खारदुंग ला दाखवायला नेलं. तिथल्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट असं लिहिलेलं होतं आणि लोक त्याखाली छाती फुगवून फोटो काढत आले. प्रत्यक्षात खिंड ५,३५९ मीटरवर, म्हणजे सुमारे १७,५८० फुटांवर आहे. आठशे फूट कागदावर वाढवलेले. मी तिथेच कुणाला तरी हे ऐकवलं आणि शहाणी म्हणून मिरवले.

बूट आणि क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फावर चालायला बुटाखाली बांधायचे धातूचे दाते, लेहमध्येच घालून बघायचे असतात, हे मला आता कळतं. तेव्हा 'बेस कॅम्प पे हो जायेगा' असं सांगितलं आणि पोती घोड्यांवर चढली.

आता या खोऱ्याच्या चढाईचा हिशेब सांगते, कारण सगळं त्यातच आहे. जुन्या पद्धतीने लोक चिलिंगजवळ नदी ओलांडून स्किऊपासून चालायला लागत. स्किऊ लेहहूनही किंचित खाली. तिथून दोन दिवस नदीकाठाने मार्खा, मग हांकर, थाचुंगत्से, आणि मग वर. म्हणजे शरीराला हळूहळू उंची कळायची. आता गाडीरस्ता थेट मार्खापर्यंत गेला आहे. आमच्या कंपनीने आम्हाला जीपने मार्खाला नेऊन सोडलं आणि याला 'आरामदायी प्रवास' म्हटलं. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची जागा एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, असा सर्वसाधारण नियम आहे. आमच्या रात्री अशा: लेहला दोन, साडेतीन हजारावर. मार्खा, तीन हजार आठशेच्या आसपास. थाचुंगत्से, सव्वाचार हजार. आणि पुढची रात्र थेट बेस कॅम्प, ५,१०० मीटर. शेवटची उडी साडेआठशेची. हा तक्ता पीडीएफमध्ये छापलेला होता, नकाशासकट. वजाबाकी मला करायची होती.

खोरं मात्र अजून डोळ्यांसमोर आहे. उघड्या, जांभळट-तांबड्या कड्यांच्या मध्ये सातूच्या शेतांची हिरवी पट्टी, कडेने वाळुंजाची झाडं, आणि जुन्या लष्करी पॅराशूटच्या कापडाखाली थाटलेली चहाची दुकानं. आतला उजेड दुधासारखा. एका आमा-लेंनी (आमा म्हणजे आई, 'ले' आदराचा) सीबकथॉर्न या झुडपाच्या फळांचा आंबट रस दिला. दोन दिवस मी त्याच्याच जिवावर चालले. दुपारी नदीचं पाणी फुगतं, कारण वरचं बर्फ उन्हाने वितळून तोपर्यंत खाली पोचतं. म्हणून ओलांडायचं ते सकाळीच. हे मला आचो-लेंनी सांगितलं. आमचे दोन लडाखी गाइड होते, त्यांतले हे थोरले, पन्नाशीचे. सगळे त्यांना आचो म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. थाचुंगत्सेच्या वर दोन छोटी तळी लागतात आणि वारा नसेल तर त्यांत कांग यात्से उलटा दिसतो. आम्हाला दिसला. तिथे मी पहिल्यांदा घाबरले, कारण तो इतका स्वच्छ आणि इतका उंच होता.

ठाण्याच्या गृहस्थांचं डोकं थाचुंगत्सेलाच दुखायला लागलं होतं. बावन्न वर्षांचे, सज्जन, सारखे मुलीबद्दल बोलायचे. रात्री तंबूबाहेर ते उलटी करताना मी पाहिलं. सकाळी लीडरने विचारलं, "सर, हेडेक? आउट ऑफ टेन?" ते म्हणाले, "टू." मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "थ्री." माझं सहा होतं. पैसे भरलेला माणूस आपल्या डोक्याचा हिशेब खरा देत नाही. लीडर ज्याला त्याला उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स देत होता, जेवणानंतर बडीशेप द्यावी तशी. सल्फाची ॲलर्जी आहे का, असं कुणालाही विचारलं नाही.

बेस कॅम्पला पोचलो तेव्हा भुरभुर बर्फ पडत होतं. दोन जणांनी तिथेच 'आम्ही पुढे येत नाही' असं सांगून टाकलं. पुण्याचीच एक मुलगी आणि तिचा नवरा. तेव्हा मला त्यांची कीव आली होती. दुसरा दिवस विश्रांतीचा आणि प्रशिक्षणाचा. प्रशिक्षण म्हणजे घसाऱ्यावर, बर्फ नसलेल्या उतारावर, एका धोंड्याला बांधलेल्या दोराला जुमार, म्हणजे दोरावर वर सरकणारी पकड, कशी लावायची हे चाळीस मिनिटांत. बर्फावर घसरलो तर आइस ॲक्सने स्वतःला कसं थांबवायचं, हे तोंडी सांगितलं. पोहणं तोंडी सांगावं तसं.

संध्याकाळी चार वाजता जेवणाच्या तंबूत पोती रिकामी केली. जुने प्लास्टिकचे दुहेरी बूट, प्रत्येकावर खडूने आकडा. माझा पाय पाच नंबरचा, लहानात लहान बूट सात नंबरचा. "दो मोज़े पहन लो, मॅम." बुटांवर आकडा सात, क्रॅम्पॉनवरही सात, डाव्याला निळी टेप गुंडाळलेली. घालून उभी राहिले तर ठीक वाटलं. तंबूतल्या सतरंजीवर सगळंच ठीक वाटतं. टाच जोरात आपटून बघायची असते, हे कुणी सांगितलं नाही.

मग लीडरने जाहीर केलं की समिट आज रात्रीच. मला वाटलं होतं, अजून एक दिवस थांबू, चौदातल्या निम्म्यांचे चेहरे सुजलेले आहेत, राखीव दिवस आहेच की. तो म्हणाला, उद्या रात्री वारा आहे. हवामान कुठून कळलं, असं एका बंगळुरूच्या मुलाने विचारलं. तिथे नेटवर्क नव्हतं. त्याने फोन खिशात टाकला.

रात्री अकराला उठवलं, मॅगी आणि गरम पाणी दिलं. साडेबाराला बारा जण निघालो. लीडर धरून तीन गाइड, म्हणजे चार माणसांमागे एक. चौथा म्हणून हेडटॉर्च लावलेला एक पोरगा बरोबर होता. उजाडल्यावर कळलं की तो किचनमधला, आणि क्रॅम्पॉन पॉइंटवरून तो परत फिरणार. चौथ्या गाइडचा रोज चौदा जणांत वाटला असता तर माणशी किती आला असता, हे मी नंतर बऱ्याच वेळा काढलं. फार नाही.

वरपर्यंत घसारा. राजगडाच्या चोर दरवाज्याची वाट आठवा, तिच्यावर मुरूम ओता, अंधार करा आणि हवा निम्मी काढून घ्या. ही अतिशयोक्ती नाही. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. बारा जणांची एकच रांग होती. पुढचा थांबला की सगळे थांबत, आणि थांबलं की घाम गारठायचा. मी मोजायला लागले. चोवीस पावलं, थांबा. अकरा पावलं, थांबा. माझ्या गतीने चालू दिलं असतं तर मला थंडी वाजली नसती, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

साडेचारच्या सुमारास बर्फ लागलं. आता बारा जणांनी, त्यांतल्या नऊ जणांनी आयुष्यात पहिल्यांदाच खऱ्या बर्फावर, गोठलेल्या बोटांनी क्रॅम्पॉन बांधायचे. पाऊण तास गेला. दोर बांधले. आमच्या दोरावर पुढे आचो-ले, मग मी, मग ठाण्याचे काका, मग बंगळुरूची दोन मुलं. लीडर आणि धाकटा गाइड आपापले दोर घेऊन पुढे गेले.

पहिल्या शंभर मीटरमध्ये माझा डावा क्रॅम्पॉन निघाला. पाय टेकला आणि खाली काही लागलंच नाही, बूट सरळ घसरला. कंबरेला दोराचा हिसका बसला, आचो-लेंनी जागच्या जागी धरलं. त्यांनी गुडघ्यावर बसून, हातमोजा दातात धरून, खिशातल्या दोरीने तो बुटाला बांधला. "दीदी, ये जूता और ये क्रॅम्पॉन भाई-भाई नहीं है," एवढंच म्हणाले. पुढे पुन्हा दोनदा सुटला.

तरी मी चालत होते. हे सांगताना मला अजूनही थोडा अभिमान वाटतो. पूर्वेकडे आधी राखाडी, मग गुलाबी झालं आणि झांस्करच्या बाजूचे डोंगर एकेक करून वर आले. डोकं दुखत नव्हतं. पाय हलके होते. इतक्या वर्षांच्या सिंहगडाने तो एक तास मला दिला. आणि मग मागचा दोर ताणला गेला.

काका बर्फात बसले होते. उठवलं तर दोन पावलं टाकून दारू प्यायल्यासारखे एका बाजूला झुकले. नाव विचारलं, तर उत्तर यायला एवढा वेळ लागला की बंगळुरूच्या मुलाने पुन्हा विचारलं. आचो-लेंनी त्यांच्या डोळ्यांत टॉर्च धरली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "नीचे." मी म्हटलं, मी ठीक आहे, ही दोघंही ठीक आहेत. ते म्हणाले, "दीदी, रस्सी एक है. गाइड भी एक है."

वॉकीटॉकीवर लीडरला हाक मारली. आधी खरखर, मग काहीच नाही, बॅटरी थंडीने गेली होती. वरचे दोन दोर तोपर्यंत मुंग्यांएवढे झाले होते. मी घड्याळात बघितलं. ५,८१०. वेळ सहा वाजून दहा मिनिटं. हवा इतकी स्वच्छ, की वरच्या धारेवरचे बर्फाचे कण दिसत होते.

तेव्हा मला काय वाटलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला त्या माणसाचा संताप आला. डोकं दुखत होतं तर 'टू' का म्हणालास? उतरायला लागल्यावर अर्ध्या तासाने 'थ्री' आठवलं.

बेस कॅम्पला साडेआठला पोचलो. ऑक्सिमीटरवर त्यांचे ६२ आले. आता कुणी त्यांना लांब श्वास घ्यायला सांगितला नाही. आचो-लेंनी जमिनीवर काठीने रेघ ओढली आणि त्यांना टाचेला चवडा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला ते पडले. मेंदूला सूज येते तेव्हा तोल असा जातो, हे त्या रेघेवर मी पहिल्यांदा पाहिलं. यादीत ऑक्सिजनचे दोन सिलिंडर होते, तंबूत एक निघाला, त्याचा काटा निम्म्यावर.

लीडर अकराला परतला. वरच्या आठांपैकी चार शिखरावर पोचले होते, चार खालूनच फिरले होते. तो आनंदात होता. त्याला त्याच्या कामाचं फळ मिळालं होतं. मग त्याने काकांना पाहिलं. किटमधून मेंदूची सूज उतरवणारं डेक्सामेथासोन काढलं, आणि किती द्यायचं ते फोनमध्ये साठवलेल्या फोटोत शोधलं. एवढं तरी केलं. त्यानंतर म्हणाला, "सर को घोड़े पे कोंगमारू ला से निकालते हैं. गाडी उधर चोगडो में खड़ी है."

कोंगमारू ला म्हणजे आमच्या परतीची खिंड, ५,२०० मीटरच्या वर. ज्याला ताबडतोब खाली न्यायचं, त्याला आधी वर चढवायचं, कारण गाडी त्या बाजूला आहे. मी हे समजायलाच क्षणभर घेतला. आचो-लेंना समजायची गरज नव्हती. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. लडाखीत काय बोलले ते कळलं नाही. हिंदीत एवढंच, "ऊपर नहीं जायेगा. हांकर जायेगा. मैं ले के जाता हूँ." त्यांनी घोडेवाल्याला हाक मारली, काकांना दोन रजया गुंडाळून घोड्यावर बांधलं आणि रात्रभर चढून आलेला तो पन्नाशीचा माणूस चहाचा घोटही न घेता चालत निघाला. नंतर कळलं, अंधार पडायच्या आत ते चार हजार मीटरवर हांकरला पोचले. होमस्टेवाल्याने मोटरसायकलवर माणूस पाठवून गाडी मागवली. दुसऱ्या दिवशी लेहच्या रुग्णालयात काका इडली मागत होते. उंचीवरच्या आजाराचं असं आहे, वेळेत खाली उतरवलं तर माणूस परत येतो.

त्या मोहिमेत निर्णय म्हणता येईल असा हा एकच झाला. बाकी सगळं ऑफिसात बसून आधीच ठरलेलं होतं. किती रात्री, किती माणसं, किती बूट.

संध्याकाळी मी लीडरला गाठलं. राखीव दिवस आहे, आम्ही तिघं ठणठणीत आहोत, धाकट्या गाइडला घेऊन उद्या रात्री पुन्हा जाऊ द्या. तो म्हणाला परमिट संपलं. मग म्हणाला वारा येणार. मग म्हणाला, "मॅम, समझो ना." रात्री आकाशात इतके तारे होते की तंबूच्या दोऱ्या दिसत होत्या, आणि एक पान हलेल एवढाही वारा नव्हता. अर्थात तिथे पानं नसतातच.

समजावलं ते स्वयंपाक्याने. नेपाळी भाऊ, भांडी घासता घासता सहज म्हणाला, "दीदी, कल दूसरा बॅच आ रहा है ना. जूता तो वही है." मी तिथेच उकिडवी बसले. राखीव दिवस हवामानासाठी नव्हताच. तो बुटांसाठी होता.

त्यात भर म्हणजे घोडे काकांबरोबर खाली गेलेले, म्हणून आम्हाला दुसऱ्या दिवशी खिंडही ओलांडता येईना. सामान थोडं थोडं करून तासाभरावरच्या निमालिंगच्या कुरणात उतरायचं आणि तिथे रात्र काढायची. म्हणजे तो दिवस आम्ही काढलाच. मेंढ्या, याक, उन्हात शेपटी हलवणारे फिया, म्हणजे बिळात राहणारे गुबगुबीत मार्मोट, आणि समोर अख्खा मोकळा कांग यात्से. गुलाबजाम त्याच दिवशी झाले.

पुण्यात आल्यावर मी कंपनीला तीन मेल लिहिले. मुद्दे क्रमाने, आकडे लावून, जसे नोटिसीला उत्तर लिहितो तसे. तिसऱ्याला उत्तर आलं. डोंगर अनिश्चित असतो, सुरक्षितता हेच आमचं प्राधान्य, आणि पुढच्या मोहिमेवर दहा टक्के सूट. काकांचा फोन आला होता. ते पैसे मागणार नव्हते. "अहो, माझीच चूक. मी सांगायला हवं होतं," म्हणाले. मी त्यांना माझं 'थ्री' सांगितलं. दोघंही थोडा वेळ बोललो नाही.

पण बेस कॅम्प सोडायच्या आधीचा तो तास सांगायचा राहिला. बारा जोड बूट ताडपत्रीवर उन्हात वाळत घातले होते. आतले मोजे अजून आमच्या घामाने ओले. दुपारी बाराच्या सुमारास खालून नवी बॅच येताना दिसली. मी मोजली, पंधरा. जवळ आल्यावर लीडरने एकेकाला नंबर विचारून जोड द्यायला सुरुवात केली. एक कोल्हापूरची मुलगी होती, माझ्यासारखीच छोट्या पायाची. तिच्या हातात सातचा जोड आला.

"ताई, तुम्ही जाऊन आलात? कसं आहे वर?" तिने धापा टाकत विचारलं.

मी म्हटलं, "वरचं नंतर सांगते. आधी तो डावा क्रॅम्पॉन घाल. निळ्या टेपचा. आत्ता, इथेच."

ती हसली, पण बसली. घातला, पट्टी ओढली, उभी राहिली. "बसला की, ताई."

"आता त्या दगडावर टाच आपट. जोरात."

तिने आपटली. क्रॅम्पॉन सुटून ताडपत्रीवर पडला. तिने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग मान वळवून लीडरला हाक मारली.